जॅकच्या भोकातलं मेण

लूकांग, माझूदेवीच्या उत्सवानंतरचा महिना

थोरल्या दादास, लूकांगहून धाकट्या सू-युनचा वाकून नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा गुडघा पावसाळी हवेत दुखतो का अजून? बोट रंगवायला काढणार होतास ती काढलीस का? फोन करून विचारलं असतं, पण फोनवर तू नुसता "हं" म्हणतोस आणि मागे बंदरावरच्या लिलावाचा ओरडा चालू असतो, त्यामुळे तू मला हं म्हणालास की कुणाच्या बोलीला, हे मला कधी कळलेलं नाही. शिवाय आता जे लिहिणार आहे ते फोनवर बोलण्यासारखं नाही. बऱ्याच दिवसांत तू इकडे आला नाहीस, आणि का आला नाहीस हे मी विचारत नाही. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, ती मी मोडत नाही. पण खुशाल माणसं घरात अशा येरझाऱ्या घालत नाहीत. आमच्याकडे सध्या कुणी खुर्चीत टेकलेलं दिसलं तर तो पाहुणा समजावा. मी हे पत्रसुद्धा तीन जागा बदलून लिहिते आहे.

या सगळ्याचं मूळ यांच्या लिव्हरमध्ये आहे. (घाबरू नकोस, आता आकडे खाली आलेत.) तुला आमचा धंदा माहीत आहे, पण वहिनी वाचतील म्हणून थोडं सांगते. लोखंडी दांड्याच्या ज्या भागाला क्रोम चढवायचा नाही त्यावर गरम मेण थापायचं, भोकं असतील तर त्यांत मेणाचं बूच मारायचं, मग तो दांडा क्रोमच्या टाकीत सोडायचा. बाहेर आला की मेण काढायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. इतकी वर्षं आम्ही मेण काढायला केमिकलच्या वाफेची टाकी वापरली. दांडा वाफेत धरला की मेण लोण्यासारखं गळून पडायचं आणि हे खोकत बाहेर यायचे. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, न्येनसाहेब, टाकी ठेवा नाहीतर लिव्हर ठेवा. हे घरी येईपर्यंत विचार करत होते. टाकी जुनी होती ना, जीव जडलेला.

टाकी गेली आणि प्रयोग सुरू झाले. आधी उकळतं पाणी. मेण वितळलं, सगळं वर तरंगायला लागलं, हे खूश. मग दांडा बाहेर काढला तर तो त्या तरंगत्या थरातूनच वर आला आणि आत जाताना होता त्यापेक्षा जास्त मेण लपेटून आला. पुन्हा बुडवला, पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत आमच्याकडे दांड्याच्या जाडीच्या मेणबत्त्या तयार झाल्या होत्या. मग कुणीतरी सांगितलं की मेण थंडीत कडक होऊन टिचतं, म्हणून हे दांडे घेऊन बर्फाच्या कारखान्यात गेले. मेण टिचलं खरं, पण यांनाच अशी हुडहुडी भरली की मला आल्याचा काढा करावा लागला. मग एक दिवस यांची नजर माझ्या नव्या वर्षाच्या केकच्या मोदकपात्रावर पडली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि सांगितलं की या भांड्यात तांदळाशिवाय काही शिजणार नाही, क्रोमच्या आम्लातून निघालेलं मेण तर नाहीच नाही, आणि शिजवायचंच असेल तर आधी मला त्यात घाला. हे बराच वेळ विचारात पडले होते. (शेवटी मागे सरले.) आमच्या लग्नात तू म्हणाला होतास, न्येन हे आडनाव लिहितात तेच मुळी 'चिकट' या अक्षराने, एकदा गेलीस की सुटायची नाहीस. त्या वेळी सगळे हसले होते. मला आता कळतंय की तो विनोद नव्हता.

शेवटी जमलं ते असं. टाकीच्या कडेला एक खाच पाडली. गरम पाणी खालून येत राहतं, वरचं मेण त्या खाचेतून वाहून शेजारच्या डब्यात जातं, मग दांडा स्वच्छ पाण्यातून वर काढायचा. मेणही परत मिळतं. फक्त भोकांतलं मेण तसं निघत नाही, ते कांबीने टोकरावं लागतं, आणि कांबही बांबूची हवी, लोखंडी लागली की चरा पडतो. हे भोकांचं खातं आमच्या लेकीकडे, पेई-जूकडे आलं. तायचुंगची नोकरी सोडून ती गेल्या वर्षी परत आली तेव्हापासून पोर घरात असून नसल्यासारखी होती. जेवायला बोलावलं की यायची, वाडग्यात बघत जेवायची, उठायची. नोकरी का सोडली ते सांगितलं नाही, आणि विचारायला गेलं की खोलीचं दार लागायचं. यांचं म्हणणं, हातांना काम दे. म्हणून तिला कांब दिली, पालथी बादली दिली आणि मागच्या अंगणात बसवलं.

अशात को मालकांचं काम आलं. को म्हणजे स्टेजगाड्यांचे मालक, तू त्यांची गाडी पाहिली असशील, रस्त्यात ट्रक येऊन उभा राहतो आणि बघता बघता त्याच्या बाजू उघडून पंख पसरल्यासारखं स्टेज होतं, दिवे लागतात आणि गाणी सुरू. ते पंख तेलाच्या दाबाने उचलणाऱ्या जॅकचे दांडे गंजले होते, उत्सवाच्या आत नवा क्रोम चढवून हवा होता. को मालक सुपारी चघळत आले, आमच्या उंबऱ्याबाहेर लाल पिंक टाकली आणि म्हणाले, देवीचं काम आहे, उशीर झाला तर देवीला तोंड तुम्ही दाखवायचं. आणि झालं की नाही बघायला रोज दुपारी मुलाला पाठवायला लागले. चुन-लिआंग नाव त्याचं. उंच, कान थोडे पुढे आलेले, बोलणं मऊ. रोज यायचा आणि रोज एकच विचारायचा, काकू, झालं का? मी रोज सांगायचे, क्रोम म्हणजे चहा नाही उकळला की झाला. तो म्हणायचा, बरं, आणि मागच्या अंगणात जाऊन बसायचा. मला वाटलं, पोरगा जरा मंद आहे. खरं सांगते दादा, मी त्याची कीव करून त्याला जिभेच्या आकाराच्या भाकऱ्या खायला द्यायचे.

दांडे वेळेत गेले. उत्सवाच्या दिवशी देवळासमोर स्टेज उघडलं, आम्ही सगळे गेलो होतो. नाटकमंडळींनी रडवलं, हसवलं, देवीची पालखी फिरली, फटाक्यांच्या धुरात मला आमच्याच घराची वाट सापडेना. हे नाटक बघत नव्हते. पूर्ण वेळ जॅककडे बघत होते आणि दर थोड्या वेळाने माझ्या कानाशी म्हणत होते, बघ काय चमकतोय. संध्याकाळी खेळ संपला, मंडळींनी सामान आवरलं, को मालकांनी कळ दाबली. स्टेज हललं नाही. पुन्हा दाबली. मोटर गुरगुरली आणि गप्प झाली. स्टेज तसंच पंख पसरून गल्लीत उभं राहिलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

आपल्या लोकांचं तुला माहीत आहे. रस्ता बंद झाला म्हणून पहिल्या दिवशी सगळे चिडले. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं की स्टेजवर ऊन छान येतं आणि शेवया करणाऱ्या बाईने कठड्यावर शेवया वाळत घातल्या. कालवं विकणारी तिच्या शेजारी बसली. शेजारच्या आग्योक मावशींना (ऐंशीच्या आसपास, दात स्वतःचे, आवाज दुसऱ्या कुणाचा तरी) माइक चालू असल्याचा शोध लागला आणि त्या जुनी गाणी म्हणू लागल्या. पोलीस गाडी हटवा म्हणून सांगायला आला, खाली उभा राहून एक गाणं ऐकलं, त्याच्या आईच्या आवडीचं दुसरं म्हणायला लावलं आणि निघून गेला. इकडे यांचं काय चाललं होतं ते लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत. सकाळी उठले की स्कूटरवरून स्टेजकडे, परत, चहा न पिता पुन्हा स्टेजकडे. स्टेजभोवती उलट फिरायचे, सुलट फिरायचे. रात्री झोपेत कूस बदलताना विचारायचे, तेल बदललं असेल ना त्यांनी? मी म्हणायचे, झोपा. ते म्हणायचे, झोपलोच आहे.

मग एका सकाळी को मालक आमच्या घरी आले. मागे चुन-लिआंग, मान खाली. को मालकांनी मूठ उघडली आणि आमच्या चहाच्या ताटात वाटाण्याएवढा एक पिवळट गोळा टाकला. म्हणाले, "जॅकची नळी सोडली, त्यातून हे निघालं. ओळखता?"

यांनी तो उचलला, बोटांत चुरला, वास घेतला. चेहरा पडला. तेल जायच्या भोकातलं बूच होतं ते, आमचंच मेण. दुपारच्या उन्हात तेल तापलं तसं मऊ होऊन आत सरकलं, संध्याकाळी गार झालं आणि थिजून बसलं. अर्धं निघालं होतं, अर्धं अजून आत, आणि जॅक खोलायचा तर स्टेजचा सगळा भार त्याच जॅकवर. "देवीसमोर माझी गाडी अडकली," को मालक म्हणाले. "गावोगावचे लोक फोन करून विचारताहेत की स्टेजवर मासळी बाजार भरवलाय का. ही भोकं साफ कुणी केली?"

यांनी तोंड उघडलं. प्रत्येक भोक हे स्वतः टॉर्च लावून बघतात. बायकोने केस कापलेले चार दिवस दिसत नाहीत, पण भोकातला मेणाचा कण यांच्या नजरेतून सुटत नाही. मग हे एक भोक कसं सुटलं ते मला कळेना. तेवढ्यात मागच्या दारातून पेई-जू आली आणि म्हणाली, "मी केली होती. बाबांना काही बोलू नका."

"लक्ष कुठे होतं तुझं?" को मालकांनी विचारलं.

तर तो मान खाली घातलेला पोरगा म्हणतो, "माझ्याकडे होतं. मी तिच्याशी बोलत होतो."

"काय बोलत होतास?"

"मेणाबद्दल."

"त्या दिवशी?"

"रोज," चुन-लिआंग म्हणाला आणि त्याचे कान असे लाल झाले की मला त्यांवर पाणी मारावंसं वाटलं.

को मालकांची चघळणारी दाढ थांबली. त्यांनी मुलाकडे बघितलं, पेई-जूकडे बघितलं, मग माझ्याकडे, जणू हे मीच भाकऱ्या खाऊ घालून घडवून आणलंय. हे खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? भीती वाटली. हा माणूस आता काहीतरी तोडून बोलेल आणि पोर पुन्हा दार लावून घेईल, असं वाटलं. कारण मी बघत होते ना, ती मान वर करून उभी होती. वर्षभरात पहिल्यांदा. को मालक बाहेर जाऊन सुपारी थुंकून आले आणि म्हणाले, "आधी स्टेज मिटवू. बाकीचं नंतर."

त्यांना ब्लो-लॅम्पने तापवायचं होतं. हे आडवे आले, म्हणाले तेलाजवळ ज्योत नेलीत तर स्टेजबरोबर देऊळही मिटेल. गरम पाणीच हवं, आणि भरपूर. मी गल्लीत हाक दिली. दादा, तू बघायला हवं होतंस. किटल्या आल्या, थर्मास आले, एकीने तर अंडी उकडत ठेवलेलं पातेलं अंड्यांसकट आणलं. मुरगळलेल्या पायाला शेकतात तसे आम्ही जॅकला टॉवेल गुंडाळून शेकत होतो. पेई-जू आणि चुन-लिआंग एका टॉवेलची दोन टोकं धरून पिळत होते. दोन्ही बाप जॅकच्या दोन बाजूंना उभे होते, एकमेकांकडे न बघता, आणि दोघेही एकदमच ओरडत होते, अजून गरम आणा. किती किटल्या ओतल्या मोजलं नाही. शेवटी आत काहीतरी सुटल्याचा आवाज आला आणि पंख इंचाइंचाने मिटू लागला. शेवयावाली शेवया घेऊन पळाली, कालवंवाली कालवं घेऊन पळाली. आग्योक मावशी उतरेनात. त्यांचं शेवटचं कडवं चाललं होतं. चुन-लिआंगने खालून दोन्ही हात वर केले, मावशींनी कडवं संपवलं, माइक जागेवर ठेवला, लोकांना नमस्कार केला आणि त्याच्या खांद्यावर हात टेकून खाली आल्या. म्हणाल्या, "पोरगा चांगला आहे. कुणाचा?" को मालक म्हणाले, "माझा." ते ज्या आवाजात म्हणाले त्यावरून मला कळलं की आता तोडून काही बोलणार नाहीत.

पुढे सगळे जॅक खोलून, नव्याने धुऊन, प्रत्येक भोक आम्ही तिघांनी बघून परत दिले. गाडी पुन्हा कामाला लागली. आग्योक मावशी मात्र आमच्यावर रुसल्या आहेत. बाकी लिहिण्यासारखं विशेष काही नाही. हवा बदलते आहे, समुद्रावर जाताना कानाला गुंडाळत जा, दारू जेवणाबरोबरच घे, आणि वहिनींना माझा नमस्कार सांग.

तुझी धाकटी,
सू-युन

ता. क. वर लिहायचं राहिलं. पेई-जूचं लग्न ठरलं. को मालकीणबाई रीतीप्रमाणे मागणीचे केक घेऊन आल्या होत्या. भुतांच्या महिन्यात लग्न लावत नाहीत, म्हणून तो संपला की लगेचचा दिवस काढलाय. जेवणाची टेबलं आमच्याच गल्लीत मांडायची.

ता. क. दुसरा. खरं तर याच्यासाठीच पत्र लिहायला घेतलं आणि कुठल्या कुठे गेले. पोरीच्या लग्नात मामा मुख्य टेबलावर मानाच्या जागी बसल्याशिवाय पहिली थाळी बाहेर येत नाही, हे मी तुला सांगायला नको. तिला मामा एकच आहे. यांनी तुझ्या बोटीच्या शाफ्टला क्रोम चढवला आणि तो एका मोसमात सोलून निघाला, हे मला मान्य आहे. तू सगळ्यांसमोर यांना म्हणालास की तुझ्या क्रोमपेक्षा मुलीच्या नखांचा रंग जास्त टिकतो, हेही मला ऐकू आलं होतं. त्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नाहीत. शाफ्टचा विषय निघाला की हे झाडू घेऊन अंगण झाडायला जातात, आणि तू फोनवर हं म्हणतोस. मी तुम्हाला बोला म्हणत नाही. फक्त येऊन त्या खुर्चीत बस. यांना न सांगता हे लिहिते आहे.

ता. क. तिसरा. पाकिटावर तिकीट लावत होते तेवढ्यात हे आले आणि पत्र हातातून घेतलं. उभ्याने वाचायला सुरुवात केली, शेवटच्या पानाला खाली बसले. म्हणाले, एक चूक आहे, दुरुस्त कर. ते भोक माझ्या नजरेतून सुटलं असं लिहिलंयस, ते सुटलं नव्हतं, मी बघितलंच नव्हतं. त्या दुपारी टॉर्च घेऊन अंगणाच्या दारापर्यंत गेलो होतो. दोघं बादल्यांवर बसली होती आणि पेई-जू हसत होती. मी मागे फिरलो. म्हटलं, उद्या बघू, आणि उद्या दांडा गाडीवर चढला होता.

मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? म्हणाले, बोललो असतो तर तिला पुढे यायचं कारण उरलं नसतं.

मग झाडू उचलला, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, तुझ्या भावाला हेही लिही, की त्याच्या शाफ्टच्या वेळी असं काही कारण नव्हतं. ते काम वाईटच झालं होतं.